ल का ळ

पैज लागली ती एका अक्षरावरून. लोकं बांधावरून भांडतेत, पाण्यावरून भांडतेत. आमी जुन्या जालन्यातले, आमी ळ वरून भांडलो. झालं आसं, का समोरच्या नरहर काकाची गंधाली पुण्याहून सुट्टीवर आल्ती. ऊन उतरलं का आमच्या गल्लीचा समदा कारभार काकाच्या वट्ट्यावर चालतो. तिथं तिनं नारळाएवढा एक स्पीकर आणून ठिवला आन् म्हणली, "राजाकाका, हे ऐका. जगभरातलं संगीत आहे. राजकीय आहे बरं का." मी म्हणलं, "राजकीय म्हंजी कसं? ताई माई अक्का, विचार करा पक्का?" समदे हसले. गल्लीत हसवायचं काम माझ्याकडं हाय. दाणेबाजाराच्या तोंडाला माझं फ्लेक्स छापायचं दुकान. नरहर काकाच्या वाढदिवसाला 'भावी नगरसेवक' म्हणून त्यांचा हा एवढा फोटो चौकात लावला, आन् खाली शुभेच्छुक म्हणून काकाच्या समद्या दुश्मनांची नावं टाकली, त्यो मीच. काका लय दिवस बोलले न्हाईत. मंग एक दिवस दुकानात येऊन हळूच म्हणले, "फोटो बाकी बरा आला होता रे."

गंधाली हसली न्हाई. म्हणली, ह्या अल्बमच्या नावाचा अर्थ राख. येगयेगळ्या देशातले वाजवणारे एका ठिकाणी जमले, आन् जिथं जिथं गोरगरिबाची घरं जाळली तिथल्या माणसांचे जुने आवाज हुडकून त्याच्यावर त्यांनी गाणी बसवली. कुठली वाळवंटातली म्हातारी, कुठला खाणीतला गडी. "आणि यात एक आपली मराठी बाई आहे," ती म्हणली, आन् बटण दाबलं. आधी ढोल आला. आपला न्हाई, दुसऱ्याच कुठल्या मातीचा, छातीत बसणारा. मंग एक तारेचं वाद्य, लांब कुठं तरी कुत्रं रडावं तसं. मंग बाई. "जा… ल… ना." थांबली. "जालना." परत थांबली. "जालना." आन् पुन्यांदा ढोल. माझ्या हातात बशी व्हती. ती मी वट्ट्यावर ठिवली. आवाज वळखायला वेळ लागत न्हाई. आपल्या घरातल्या गोधडीचा वास आंधारातही वळखू येतो ना, तसं. ह्यो आवाज त्याच टायमाला माझ्या पाठीमागं, माझ्याच घरात, सुपात जवारी घेऊन बसल्ता. माझी माय, बेबीनंदा. आता तिचा आवाज चाळणीतून गाळल्यासारखा बारीक झालाय. हा भरलेला व्हता, जवान व्हता, पण तिचाच. माझी पोरगी प्रीती आतून पळत दारात आली, तिचे डोळे हे एवढे, "पप्पा, ही तर—" मी तिच्या पायावर पाय दिला. का दिला, ते तवा मला सांगता आलं नसतं.

"अरे, हा तर यष्टीचा कंडक्टर!" नरहर काका मांडीवर थाप मारून म्हणले. "जालना, जालना, जालना! गंधाली, सगळं जग फिरवलंस आणि शेवटी आणलंस स्टँडवरच!" वट्टा खदाखदा हसला. मी पण हसलो, समद्यात मोठ्यानं, सवय हाय ती. पण हसता हसताच माझं तोंड बोललं, "काका, कान कोरून या. जालना न्हाई ते. जाळ ना! घर जाळायचं तर जाळ ना, आसं म्हणून राह्यली ती बाई." गंधालीनं फोनमधी बघितलं. "बाबा, राजाकाकांचं बरोबर आहे. इथं इंग्रजीत तोच अर्थ दिलाय. मग जाळून टाक. गाणारी, अज्ञात स्त्री, मराठवाडा." मी म्हणलं, "घ्या. गोऱ्याला कळलं, काकाला कळंना." काका चिडले. सरकारी कचेरीत त्यांनी लोकांच्या अर्जातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यात जन्म घातलेला. "गोरा मला मराठी शिकवणार? अरे, ळ कुठंय त्यात? स्वच्छ ल आहे. लवंगेचा ल. लाव पैज." मी म्हणलं, "लाव." हरंल त्यानं काळीपिवळी जीपचा एजंट व्हायचं, फाट्यावर उभं राहून 'जालना जालना' वरडायचं, जीप भरेस्तोवर. "कुठल्या फाट्यावर?" कुणीतरी इचारलं. काका मिश्कील हसले, "याच्याच गावी. केदारखेड्याला. बाजाराच्या दिवशी." मी हातावर हात मारला. "पण निकाल कोण देणार?" गंधाली म्हणली. "ती बाई कुठं सापडायची आता?" मी म्हणलं, "सापडंल. जालन्यात काय सापडत न्हाई?" आन् प्रीतीला डोळा मारला. डोळा मारला खरा, पण पापणी खाली आली ती वर जायला तयार न्हाई, आसं मला वाटलं.

केदारखेडा माझं गाव न्हाई. मी सांगतो तसं, कारण केदारखेडा म्हणलं का लोक 'आच्छा, भोकरदनकडं' म्हणून गप बसतेत. आमचं गाव त्याच्या आत, फाट्यापासून चालत जावं लागतं, आन् त्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत न्हाई. भोकरदनला कामाला जातो मी कधीमधी. यष्टी केदारखेड्याच्या फाट्यावर थांबती, लोक उतरतेत, चढतेत, भजे घेतेत खिडकीतून. मी फोनमधी बघतो. उतरलेलो न्हाई कधी. आन् आता त्याच फाट्यावर उभं राह्यची पैज मी हसत हसत लावून बसलो. घाबरलो न्हाई, कारण मी हरणारच नव्हतो. एक हुकमाचा पत्ता माझ्याकडं आसा व्हता का ज्याच्यापुढं काकाचा ल टिकणार नव्हता. आमची माय ळ म्हणूच शकत न्हाई. जिभंखाली शीर आखूड हाय तिच्या, जन्माची. केळ्याला केलं म्हणती, बाळाला बाल, माळ्यावर चढ म्हणायचं तर माल्यावर चढ म्हणती. लहानपणी प्रीती तिच्यापाशी आसायची तर पोरगी पण 'मला केलं पाह्यजी' म्हणायची आन् आमी इचारायचो, काय केलं? म्हंजी टेपमधी ल ऐकू आला म्हणून तिनं ळ म्हणला न्हाई, आसं ठरत न्हाई. काकाला हे ठाऊक न्हाई. समोर राहून पण न्हाई. त्यानी मायशी 'कशा आहात' याच्याफुडं बोलणं केलेलं न्हाई कधी, आन् मायनं 'बरी हाय' याच्याफुडं. आन् मला तर ल-ळ चा निकाल लावायचीच गरज नव्हती. मला पाठच हाय ते. माझ्या बापानं, तातेरावनं, ते मला इतक्या बारी सांगितलं का माझ्या दुधाच्या दातांनापण ठाऊक आसंल.

बाप आता न्हाई, पण सांगायचा ते आसं. आठ्ठ्याहत्तर साल. विद्यापीठाच्या नावावरून समदा मराठवाडा पेटलेला. आमच्या वस्तीत शेवटचं घर आमचं. मानसं आली, हातात टेंभे, घासलेटचे डबे. आन् तुझी माय दारात उभी राह्यली. हितं आला का बाप उठून उभा राह्यचा. एक हात कमरंवर, दुसरा आसा फुडं, बोट दाखवून. "म्हणली, जाळ ना! काय बघतो, जाळ ना!" चहाच्या टपरीवर सांगायचा, जयंतीच्या स्टेजवर सांगायचा, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्याला सांगितलं. माय तवा आसपास आसली तर भांडे घेऊन आत जायाची. मला वाटायचं लाजती. आन् मला सोताला पण याद हाय ते, बिलकुल डोळ्यापुढं हाय. मी पाच वर्साचा, मायच्या लुगड्याचा पदर माझ्या मुठीत, घामानं वला. समोर उजेड. आन् डोक्यावरून मायचा आवाज जातोय, ढगातून आल्यासारखा, जाळ ना. त्या एका शब्दावर मी उभा हाय, खरं सांगतो. शाळंत मास्तरनं छडी उगारली का मी म्हणायचो, मार ना. पोलिसानं गाडी आडवली का, फाड ना पावती. दुकानावर कुणी दम द्यायला आलं, का हे बॅनर काढ न्हाई तर बघ, तर मी खुर्ची फुडं करून म्हणायचो, काढ ना, बसून काढ, चहा घेणार का? माझी समदी मस्ती, समद्या टवाळ्या, त्या 'ना' मधून निघाल्या. लोकं म्हणतेत राजानंद कुणाला भेत न्हाई. भ्यायचं कसं? मी तिचा पोरगा हाय जिनं म्हणलं जाळ ना.

मंग मायला जाऊन इचारायला काय व्हतं? घरातच तर हाय. उंबरा वलांडायचा आन् इचारायचं. पण मी दुसऱ्या दिवशी इचारलं न्हाई, तिसऱ्या दिवशी न्हाई. काका रोज वट्ट्यावरून हाक मारायचे, "काय रे राजा, सापडली का तुझी बाई?" मी म्हणायचो, "हुडकून राह्यलो काका. तुमी एजंटाचा गळा तयार करा, मीठपाण्याच्या गुळण्या करा." मला काकाचा राग यायला लागला. आधी नव्हता आला, आता यायला लागला. का हो काका, तुमाला जालनाच का ऐकू आलं? जाळ का न्हाई ऐकू आला? तुमच्या कानाला तेवढाच शब्द का नको? आठ्ठ्याहत्तर साली काका जवान व्हते, इथंच कचेरीत व्हते. आमी कधी त्याच्यावर बोललेलो न्हाई. इतके वर्सं एका वट्ट्यावर बसतो, एकमेकाच्या ताटातलं खातो, लोणचं इकडून तिकडं, पुरणपोळी तिकडून इकडं, आन् ते एक साल आमी दोघं मिळून वलांडून जातो, गटार वलांडावं तसं, बोलता बोलता, खाली न बघता. यष्टीचा कंडक्टर म्हणले ते. माझ्या मायला. त्यानला ठाऊक नव्हतं हे मला कळतंय. पण हसणं कानात राह्यलं. वट्ट्यावर बसलो का आता मी काकाच्या कानाकडं बघायचो. मोठे कान हायेत, केसं निघालेले. आन् वाटायचं, ह्यो मानूस जिंकला तर माझा बाप खोटा, माझी माय खोटी, आन् आमचं घर जळालं ते पण कुणाच्या तरी ऐकण्यातली चूक म्हणून खपून जाईल.

इकडं प्रीतीला आवरणं मुश्कील. आजी जगात गाजली म्हणून पोरगी नुसती नाचून राह्यली. जयंती तोंडावर आल्ती. तिनं मायचा जुना फोटो काढला, नऊवारीतला, डोळे आशे का बघणाऱ्यानंच नजर खाली घ्यावी. त्याच्या बाजूला मोठ्या लाल अक्षरात 'जाळ ना!' आन् खाली 'बेबीनंदा तातेराव'. म्हणली, "पप्पा, अज्ञात स्त्री म्हणतेत व्हय? आपण चौकात नाव लावू. मिरवणुकीत ते गाणं वाजवू, ढोलाबरोबर समदे पोरं म्हणतील." छाप म्हणलं. मशीन सुरू केली. फ्लेक्सची मशीन कशी चालती, तुमी बघितलं न्हाई आसंल. एकदम चित्र येत न्हाई. ते डोकं इकडून तिकडं, तिकडून इकडं सरकत राह्यतं आन् एक-एक पट्टी रंग सोडतं. अक्षरं वरून खाली येतेत, आधी नुसत्या शिरोरेघा. दुपारची उन्हाची तिरीप दुकानात आल्ती, शाईचा उग्र वास, आन् मी खुर्चीत बसून बघून राह्यलो. शिरोरेघ आली. ज ची दांडी आली. मंग त्या दुसऱ्या अक्षराची टोकं यायला लागली. तिथपस्तोर ल काय आन् ळ काय, निस्ते वर दोन गोलाचे कोर दिसतेत, काही ठरत न्हाई. डोकं गेलं, आलं. माझ्याच दुकानात, माझ्याच मशीनवर, मीच टाकलेलं अक्षर, आन् मी असा बघून राह्यलो का आता काय निघतंय कुणास ठाऊक. मंग गाठ पूर्ण झाली. ळ. लाल, वला. मला हायसं वाटायला पाह्यजे व्हतं. त्याच्याऐवजी मला पहिल्यांदा आठवलं, का बाप जवा सांगायचा तवा त्या टायमाला सोता कुठं उभा व्हता ते त्यानं कधी सांगितलं न्हाई. माय दारात, मी पदराला, बहीण कडंवर. बाप कुठं व्हता? मी तशीच मशीन चालू सोडली आन् घरी गेलो.

माय जवारी निवडत बसल्ती. उजव्या कानानं तिला कमी येतं, म्हणून मी डावीकडं बसलो आन् फोन तिच्या कानाला लावला. आयकलं तिनं. तोंडावर काही हललं न्हाई. म्हणली, "ढोल कोन वाजवतंय?" मी म्हणलं, "परदेशातले लोकं." "चांगलं वाजवतेत," ती म्हणली. मी म्हणलं, "माय, ह्यो आवाज तुझा हाय." "मंग काय तुझा हाय?" ती म्हणली. "ती पुन्याची बाई नव्हती का आल्ती टेप घेऊन, महिला मंडलात? लय गोड बोलायची. समदं सांगितलं व्हतं तिला, पहिल्यापसून. एवढंच ठिवलं व्हय तिनं?" तिच्या हातातले दाणे सुपात पडत व्हते, खडा बाजूला, दाणा इकडं. "माय, काय म्हणून राह्यली तू त्याच्यात?" "ऐकू येत न्हाई का तुला? जालना." "गाव का इस्तू?" मी इचारलं. हात थांबला. "इस्तू?" मी म्हणलं, "जाळ ना. घर जाळायचं तर जाळ ना, आसं." आन् मी बघितलं तर माझा एक हात कमरंवर गेल्ता आन् दुसऱ्याचं बोट फुडं झाल्तं, बसल्या बसल्या, बापासारखं.

माय माझ्या बोटाकडं बघत राह्यली. मंग तिनं सूप खाली ठिवलं. "आसं कोन म्हणतं बापा? दारात मानसं. हातात घासलेटचा डबा. कडंवर तुझी भन, लुगड्याला तू. तवा कोन म्हणतं जाल ना? म्हननारी जलून गेली आस्ती लेकरं घेऊन." मी म्हणलं, "मंग?" तर म्हणली, "त्यातल्या एकानं इचारलं, कुठं जाशीन? वलखीचा मानूस. त्याच्याच रानात खुरपायला जायाची मी. कुठं जाशीन म्हणला. आता मला काय ठाऊक कुठं जाशीन? मी कुठं गेल्ते कधी? मंग एकदम ते आठवलं. फाट्यावर यष्टी थांबली का कंडक्टर वरडायचा. तीनदा वरडायचा. तेवढं एकच गाव मला ठाऊक व्हतं. म्हणून मी पन तीनदा म्हणलं. जालना, जालना, जालना. तर त्यो म्हणला, जाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमी निघालो, मंग लावली त्यांनी. मी मागं बघितलं न्हाई. तू बघत व्हतास, तुझं मुंडकं धरून मी फुडं केलं."

"आन् बाबा?" मी म्हणलं. "बाबा शहागडला. वालूच्या टरकावर व्हता ना तवा, गोदागंगंच्या पात्रात. त्याला कलायला लय दिवस गेले. आला तवा आपून हितं, एकाच्या पडवीत पडलेलो. लय रडला. मंग कधी तरी त्यानं ते जाल ना काढलं. कुठून काढलं, मी इचारलं न्हाई. मीच सांगितलं व्हतं त्याला, जालना म्हणले म्हणून. माझी जीभ ही आशी. त्यानं जाल ऐकलं." मी म्हणलं, "तू सांगितलं का न्हाई त्याला, का तसं न्हाई म्हणून?" माय म्हणली, "घरी नव्हता ना त्यो. त्याला कायतरी लागत व्हतं. त्यानं जाल घेतला, मी गाव घेतलं." प्रीती दारात उभी व्हती, कवाची कोण जाणं. रडवेली झाल्ती. म्हणली, "पण आजी, 'जाळ ना' त पावर हाय." माय म्हणली, "हाय ना. लेकरं घेऊन फाट्यापसून जालन्यापस्तोर चालून बघ. मंग कलंल पावर." आन् सूप परत मांडीवर घेतलं.

डोक्यात ती जुनी याद काढून बघितली, का आता बदलली आसंल. न्हाई बदलली. समोर उजेड, मुठीत पदर, आन् डोक्यावरून मायचा आवाज, जाळ ना. तस्साच. म्हंजी मला याद हाय ते बापाचं बोलणं हाय आन् मी ते मायच्या तोंडात बसवलं, त्या परदेशातल्या लोकांनी ढोलावर बसवलं तसं. त्यांनी सवाल कापला, निस्ता जबाब ठिवला. बापानं पण तेच केल्तं. आन् ज्या 'ना' वर मी आख्खा जन्म मिजास केली, मार ना, फाड ना, काढ ना, त्यो 'ना' नव्हताच. त्यो एका गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर व्हता. भेलेल्या बाईनं, कुठं तरी जायला पाह्यजे म्हणून घेतलेलं नाव. मला हसू आलं. खरंच आलं. जन्मभर मी लोकांला उल्लू बनवलं, आन् माझ्या बापानं मला आसं बनवलं का पन्नाशी उलटून गेली तरी पत्ता न्हाई. मायनं खाली बघूनच इचारलं, "काय झालं रं?" मी म्हणलं, "काही न्हाई. पैज हरलो." संध्याकाळी प्रीतीनं त्यो फ्लेक्स घरी आणला, गुंडाळी करून, काय करायचं म्हणून. माय म्हणली, "उलटा कर. पांढऱ्या अंगावर कुरडया घालू उद्या." घातल्या पण.

काकाला सांगायला गेलो तर काका खुशीत. "सापडली बाई?" "सापडली," मी म्हणलं. "तुमचा ल बराबर. लवंगेचा." काकानं टाळी वाजवली, गंधालीला हाक मारली, "ये गं, राजा हरला, राजा!" मंग म्हणले, "कोण आहे ती? कुठली?" मी आमच्या दाराकडं बोट केलं. कुरडयांना हात लावून बघत माय अंगणात बसल्ती. मंग समदं सांगितलं, कंडक्टरसकट. काकाचा हात टाळीसाठी वर गेल्ता, त्यो तिथंच राह्यला. कानातले केसं चाचपत बसले. मंग म्हणले, "राजा, मी त्यांना कंडक्टर म्हणालो रे." मी म्हणलं, "काका, बराबरच म्हणले. कंडक्टरचंच व्हतं ते." गंधाली आत जाऊन फोनवर काही लिवायला लागली, त्या अल्बमवाल्यांला, का त्या बाईला नाव हाय आन् त्या शब्दाला अर्थ हाय. काका मातीकडं बघून म्हणले, "त्या साली मी कचेरीत होतो. रस्त्यानं माणसं यायची, बायका, पोरं, बोचकी. आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या. धूळ येते म्हणून." पहिल्यांदा त्या गटारावर आमी दोघं थांबलो व्हतो. "पैज मोडली समज," काका म्हणले. "कशाला जायचं तिथं?" मी म्हणलं, "काका, पैज म्हंजी पैज. तुमी हरले आस्ते तर मी तुमाला सोडलं आस्तं का? गळ्यात शिट्टी बांधून नेलं आस्तं." 

बाजाराच्या दिवशी काकाच्या गाडीत निघालो. काका चालवत, मी फुडं, मागं गंधाली, प्रीती आन् माय. माय येतो म्हणली. कशाला, मी म्हणलं, ऊन हाय. "बघू दे ना कसा वरडतू," ती म्हणली. राजूर मागं पडलं तशी ती खिडकीतून बघायला लागली, आन् मी आरशातून तिला. रस्ता आता रुंद झालाय, तिला वळखू आला का न्हाई कोण जाणं. फाट्यावर हीऽ गर्दी. टोपल्या, कोंबड्या, टरबुजं, भज्याचा धूर. काळीपिवळी लिंबाच्या सावलीत रिकामी उभी. डायवरला मी आधीच पटवलं व्हतं, त्याला वाटलं मी कुठल्या तरी रीलवाल्यांपैकी. उतरलो. पाय भुईला लागला तवा वाटलं व्हतं काहीतरी होईल. काहीच झालं न्हाई, चप्पलमधी खडा गेला. काका गाडीला टेकून उभे राह्यले, शरमल्यासारखे, जणू तेच हरले. लोकं बघून राह्यले. माझ्या वयाचा मानूस, शर्टाची इस्त्री, एजंट वाटत न्हाई. ज्या तोंडानं भर चौकात पुढाऱ्याची नक्कल केली, त्याला तीन अक्षरं निघंनात. कारण निघाली तर ती आता माझी निघणार व्हती. बापाची न्हाई, ढोलावरची न्हाई. मंग डोळे झाकले आन् जोर लावून वरडलो, "जालनाऽऽ जालना जालना जालनाऽऽ!"

दोन-चार कुत्रे उठले. भजेवाला हसला. आन् गाडीच्या खिडकीतून मायचा बारीक आवाज आला, "आसं न्हाई." मी वळून बघितलं. काच खाली करून ती माझ्याकडं बघून राह्यली व्हती. "आसं न्हाई म्हणले मी. हलू म्हणले व्हते. लेकरू जागं व्हईल म्हणून. भन तुझी झोपल्ती ना कडंवर." टेपात तर ते ढोलाच्या वर गेल्तं, माझ्या आठवणीत तर ढगात. आन् ती म्हणती हळू. मी भर बाजारात उभा, समदे बघून राह्यलेले, प्रीतीनं तोंडाला वढणी लावलेली. आन् मी हळू म्हणलं. झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून बोलावं तसं. "जालना. जालना. जालना." आन् तवा ते आलं, कुठून आलं कोण जाणं, डोक्यावरून न्हाई, माझ्या कानापाशी, खाली वाकून, मायचा वला गळा, घासलेटाचा वास. आसंच व्हतं. आसंच म्हणली व्हती ती. मी डोळे उघडले तर बाजार तसाच चालू. कुणी आलं न्हाई. डायवर म्हणला, "मामा, आसं पुटपुटल्यावर कोन येतंय? शेजारच्याला ऐकू येईना."

तवा गाडीचं दार वाजलं. माय उतरली. काका फुडं झाले हात द्यायला. ती घडीभर त्यांच्या हाताकडं बघत राह्यली, मंग धरला. त्यांचा हात धरून, चप्पल घाशीत, समद्या बाजारातून ती काळीपिवळीपस्तोर गेली, एक पाय वर ठिवला, दांडी धरली, आन् खिडकीपाशी जाऊन बसली. पदर सारखा केला. मंग माझ्याकडं बघून म्हणली, "एक शीट भरलं. आता वरड."